घरात आमवात असेल तर : जनुकांचा रिपोर्ट काढण्याआधी आणि हातात आल्यावर

आईला किंवा बहिणीला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असल्याचं निदान झालं की घरातले बाकीचे आपापली बोटं चाचपून बघायला लागतात. मुंबईत या धास्तीवर तोडगा विकायला बरेच जण तयार आहेत. ॲपवरून बुकिंग केलं की घरी नळी येते, तिच्यात थुंकी भरून द्यायची, आणि काही आठवड्यांनी जाडजूड रंगीत रिपोर्ट मेलवर येतो. त्यात एका केशरी चौकटीत ‘आमवात : धोका सरासरीपेक्षा जास्त’ असं छापलेलं असतं. वाक्य खरंही असू शकतं, पण पुढे करायचं काय याचा त्यात पत्ता नसतो.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा : आधी घराण्याची माहिती, मग स्वतःचे हात, मग गरज वाटली तर साधी रक्ततपासणी, आणि जनुकं सगळ्यात शेवटी. रिपोर्ट आधीच काढून झाला असेल तर तो कसा वाचायचा तेही पुढे आहे.

वंशावळ काढताना

कागद आडवा घ्या आणि तीन पिढ्या मांडा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार असलेल्याचा आकार काळा करायचा, वारलेल्यावर तिरकी रेघ. आते-मामे भावंडांचं लग्न झालं असेल तर त्या जोडप्याला जोडणारी रेघ दुहेरी. प्रत्येक काळ्या आकाराखाली तीन गोष्टी लिहा : सांधे कितव्या वर्षी धरले, कोणते सांधे, आणि कोणत्या गोळ्या चालू होत्या.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘वात’ म्हटलं की आकार काळा करून टाकणं. आपल्याकडे वात या एका शब्दात गुडघ्याची झीज, युरिक ॲसिड, चिकनगुनियानंतरचं दुखणं, सोरायसिसचा सांधेरोग आणि आमवात असं सगळंच येतं. आजीचे फक्त गुडघे दुखत होते आणि साठीनंतर दुखायला लागले, तर ती बहुतेक झीज. बोटांच्या नखाजवळच्या पेरांवर टणक गाठी असतील तर तीही झीजच. आमवात धरतो तो मनगटं, मुठीची हाडं आणि बोटांची मधली पेरं. बहुतेक वेळा दोन्ही हातांना, आणि सकाळी तासभर तरी हात उघडत नाहीत.

सगळ्यात पक्का पुरावा औषधांच्या जुन्या पिशवीत सापडतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट (फॉलिट्रॅक्ससारख्या नावाने मिळते) आणि तिच्या जोडीला फॉलिक ॲसिड, किंवा एचसीक्यूएस (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन), सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड अशा पट्ट्या असतील तर आमवाताची शक्यता बरीच वाढते. खात्री मात्र नाही, कारण यातल्या काही गोळ्या सोरायसिसला आणि ल्युपसलाही देतात. नुसती कॅल्शियमची आणि पेनकिलरची पाकिटं असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही. हाताचा जुना एक्स-रे असेल तर फिल्मबरोबरचा कागद शोधा. ‘इरोजन्स’ (हाडाची कड कुरतडली जाणं) हा शब्द त्यात असला तर लिहून ठेवा.

वडिलांकडची बाजू नेहमी अर्धवट राहते. आत्या लग्न होऊन कोकणात किंवा देशावर गेली, तिच्या हातांची चौकशी कोणी करत नाही. आमवात बायकांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असल्यामुळे नेमकी तिच्याकडेच माहिती असते. फोन करा.

धोक्याचा हिशेब

‘धोका इतके पट’ असं सांगितलं की माणूस घाबरतो. म्हणून आधी मूळ आकडा. भारतात प्रौढांमध्ये आमवाताचं प्रमाण अर्धा ते एक टक्का धरतात, साधारण हजारात ७-८. आई-वडील, सख्खी भावंडं किंवा मुलं यांपैकी कोणाला आमवात असेल तर धोका ढोबळमानाने तिप्पट होतो. हजारातले ८ ते २४ झाले, म्हणजे शंभरातले ९७ जण तरी त्यातून सुटतात. मावशी, आत्या, मामा, आजी यांच्यामुळे होणारी वाढ याहून कमी.

आनुवंशिकतेची हद्द जुळ्यांवरून कळते. ब्रिटनमधल्या १९९३ च्या एका अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असताना दुसऱ्याला तो असण्याचं प्रमाण १५ टक्के निघालं; वेगळ्या बीजाच्या जुळ्यांत ते ४ टक्क्यांच्या आत होतं. जनुकं तंतोतंत सारखी असूनही दर शंभरात ८५ जण आमवाताविना राहतात. ‘आमवातातला ६० टक्के वाटा आनुवंशिक’ असं जे वाचायला मिळतं ते लोकसमूहातल्या फरकाविषयी आहे. तुम्हाला आजार होण्याची शक्यता ६० टक्के, असा त्याचा अर्थ लावू नका. स्थळं बघताना मुलीच्या आईचा आमवात लपवण्याची जी पद्धत आहे, तिला या आकड्यांत काडीचाही आधार नाही.

कोणती जनुकं, आणि किती वजनाची

सगळ्यात जड वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा. १९७० च्या दशकात आमवाताच्या रुग्णांत डीआर४ हा प्रकार जास्त दिसतो हे लक्षात आलं. १९८७ मध्ये ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी दाखवलं की आमवाताशी जोडलेल्या वेगवेगळ्या प्रकारांत या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या ७० ते ७४ या जागांवर अमिनो आम्लांची जवळजवळ एकच मालिका येते. तिला शेअर्ड एपिटोप म्हणतात. पुढे २०१२ मध्ये ११ (आणि तिला जोडून १३), ७१ आणि ७४ या जागा जास्त महत्त्वाच्या असल्याचं बारकाईने दिसून आलं.

हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर एक खाच धरून बसतं आणि त्या खाचेत प्रथिनांचे तुकडे अडकवून टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींना, दाखवतं. शेअर्ड एपिटोप असला की खाचेतला एक कप्पा धन प्रभाराचा होतो. आर्जिनिन हे अमिनो आम्लही धन प्रभाराचं, त्यामुळे ते तिथे नीट बसत नाही. पण फुप्फुसात किंवा हिरड्यांत दाह असताना काही विकरं (एन्झाइम्स) आर्जिनिनचं सिट्रुलिन करतात, त्याचा प्रभार जातो, आणि तोच तुकडा आता त्या कप्प्यात घट्ट बसतो. अँटी-सीसीपी या तपासणीत ज्या प्रतिपिंडांचा (अँटीबॉडीजचा) शोध घेतात ती याच सिट्रुलिनवाल्या प्रथिनांविरुद्धची. म्हणूनच शेअर्ड एपिटोपचा संबंध अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताशी भक्कम आहे आणि निगेटिव्ह प्रकाराशी बराच कमजोर.

शेअर्ड एपिटोप असलेल्या डीआरबी१ च्या प्रकारांची नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत : *०४:०१, *०४:०४, *०४:०५, *०४:०८, *०१:०१ आणि *१०:०१. यांतला शेवटचा भारतीय रुग्णांत वारंवार सापडतो, आणि फक्त ‘डीआर४ आहे की नाही’ एवढंच बघणाऱ्या रिपोर्टमधून तो निसटतो. उलट *०४:०२ हाही डीआर४ च, पण त्यात ती मालिका नाही. *१३:०१ तर संरक्षक बाजूचा मानला जातो. म्हणजे ‘डीआर४ पॉझिटिव्ह’ एवढ्याच दोन शब्दांचा कागद हातात आला तर त्यावरून काहीच ठरवू नका.

दुसऱ्या क्रमांकावर पीटीपीएन२२. २००४ मध्ये समोर आलेला आर६२०डब्ल्यू हा बदल युरोपीय वंशाच्या लोकांत धोका दीड ते दोन पट करतो. पूर्व आशियात तो जवळजवळ नाहीच, आणि आपल्याकडेही विरळा. परदेशी पद्धतीच्या रिपोर्टमध्ये ‘पीटीपीएन२२ : धोक्याचा प्रकार नाही’ असं हिरव्या अक्षरांत येतं आणि लोक निःश्वास टाकतात, भारतीय माणसाच्या बाबतीत तो बदल नसणं हेच अपेक्षित असतं, त्यातून दिलासा मिळवण्यासारखं काही नाही.

बाकीची जनुकं एकेकटी किरकोळ आहेत : एसटीएटी४, ट्राफ१-सी५, टीएनएफएआयपी३, सीटीएलए४, जपानी अभ्यासातून २००३ मध्ये आलेलं पीएडीआय४. २०१४ च्या मोठ्या विश्लेषणात १०१ जागा मोजल्या गेल्या, २०२२ मध्ये १२४. यांतल्या बहुतेकांनी धोका फार तर दहा-वीस टक्क्यांनी हलतो. हजारातल्या ८ चे ९ होतात. उत्तर भारतीयांच्या २०१३ च्या जनुकव्यापी अभ्यासात एआरएल१५ हे नवं जनुक सापडलं. आपल्या लोकांवरचा अभ्यास वेगळा का करावा लागतो ते यावरून दिसतं.

रिपोर्ट हातात असेल तर

आधी कोणता रिपोर्ट आहे ते बघा. एचएलए-बी२७ असेल तर बाजूला ठेवा. ती तपासणी कंबर धरणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससाठी असते. आमवाताशी तिचा संबंध नाही. तरीही ‘एचएलए’ एवढंच ऐकून लोक ती करून येतात आणि ‘निगेटिव्ह आली, सुटलो’ म्हणतात.

थुंकीवरून केलेल्या रिपोर्टबरोबर कच्च्या डेटाची फाइल मागून घ्या. त्यात चार रकाने असतात : आरएस क्रमांक, गुणसूत्र, जागा, आणि दोन अक्षरं. पीटीपीएन२२ साठी आरएस२४७६६०१ शोधा. गुणसूत्र १, आणि जागा ११४३७७५६८ (मानवी डीएनएच्या जुन्या, ३७ क्रमांकाच्या नकाशात) किंवा ११३८३४९४६ (३८ क्रमांकाच्या नकाशात). अक्षरं जी-जी असली तर बदल नाही, ए-जी म्हणजे एक प्रत, ए-ए म्हणजे दोन. शोधनिबंधांत मात्र हाच बदल ‘सी च्या जागी टी’ असा लिहितात, कारण तिथे डीएनएची समोरची पट्टी वाचलेली असते. ए शी टी आणि जी शी सी जुळतं. हे माहीत नसलं की माणूस फाइलमध्ये टी शोधत बसतो आणि ‘माझ्यात नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढतो. अक्षरांच्या जागी दोन आडव्या रेघा असतील तर यंत्राला तिथे वाचता आलेलं नाही. ते ‘निगेटिव्ह’ नव्हे.

एचएलए-डीआरबी१ या फाइलमध्ये थेट मिळत नाही. थुंकीतला डीएनए वाचणारी चिप आजूबाजूची अक्षरं वाचते आणि संगणक त्यावरून प्रकाराचा अंदाज बांधतो. ज्या लोकसमूहावर तो अंदाज बसवलाय तो युरोपीय असेल तर मराठी, गुजराती किंवा पारशी माणसासाठी तो चुकू शकतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झालेली असल्याने प्रकारांचं प्रमाण समाजागणिक बदलतं, हा आणखी एक घोळ. रिपोर्टच्या बारीक अक्षरांत ‘इम्प्युटेड’ असं असेल तर त्याला अंदाज म्हणूनच वाचा.

पॉलिजेनिक स्कोअर म्हणजे अनेक जनुकांच्या छोट्या-छोट्या धोक्यांची बेरीज. ‘पॉलिजेनिक स्कोअर : ९० वा पर्सेंटाइल’ याचा अर्थ शंभरातल्या नव्वद जणांपेक्षा तुमची बेरीज जास्त, इतकाच. आजाराची ९० टक्के शक्यता नव्हे. शिवाय ही बेरीज ज्या वजनांनी करतात ती बहुतांश युरोपीय आणि पूर्व आशियाई लोकांवरून काढलेली आहेत. आणि ‘अमुक पट’ लिहिलेलं दिसलं की लगेच मूळ ०.७५ टक्क्याने गुणा. १.८ पट म्हणजे १.३५ टक्के. केशरी चौकट तिथेच फिकी पडते.

तरीही डीआरबी१ तपासायचंच असेल, एखाद्या अभ्यासात नाव घातलंय किंवा डॉक्टरांना अँटी-सीसीपी निगेटिव्ह आमवाताबाबत शंका आहे म्हणून, तर लॅबला ‘हाय रिझोल्यूशन’ किंवा ‘दोन फील्डचं टायपिंग’ असं स्पष्ट सांगा. उत्तर *०४:०५, *१५:०१ अशा स्वरूपात, दोन प्रतींसाठी दोन प्रकार, असं यायला हवं. दोनदा एकच प्रकार आला तर दोन्ही प्रती सारख्या आहेत की दुसरी वाचली गेली नाही, हे विचारून घ्या. रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीएच्या नळीत घेतात. हिरव्या बुचाच्या हेपॅरिनच्या नळीत घेतलं तर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पायरी, अडतं. उपाशी राहायची गरज नाही. ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरते, रिपोर्ट जपून ठेवा.

हात बोलायला लागले तर

जनुकं जन्मभर तीच राहतात. आजार सुरू होतोय की नाही हे हातांवरून कळतं. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने, यूलारने, २०१७ मध्ये अजून सूज नसलेल्या पण संशयास्पद सांधेदुखीसाठी सात खुणा ठरवल्या : दुखणं वर्षाच्या आतलं, मुठीच्या हाडांच्या सांध्यांत दुखणं, सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा जास्त, पहाटे-सकाळी त्रास सगळ्यात जास्त, सख्ख्या नात्यात आमवात, मूठ वळायला त्रास, आणि दाबल्यावर दुखणं. तीन किंवा जास्त जुळल्या तर वेळ काढू नका.

घरी बघायचं ते उठल्या उठल्या बघा, गरम पाण्याने आंघोळ करण्याआधी. मूठ वळा, चारही बोटांची टोकं तळव्याला टेकतात का? मग दुसऱ्या हाताने, हस्तांदोलन करताना धरतो तसं, बोटांच्या मुळाशी असलेली चार हाडं दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. तिथे सणक आली तर ती खूण धरायची. दुपारी ऑफिसात करून बघितलेली हीच परीक्षा बहुतेक वेळा साफ येते, आणि लोक तिच्यावर महिनोन्‌महिने काढतात. सूज दिसली त्या सकाळी मोबाइलवर दोन्ही हातांचा फोटो काढा, पालथे आणि उताणे. अपॉइंटमेंटच्या दिवशी सूज असेलच असं नाही.

पावसाळा आणि त्यानंतरच्या महिन्यांत मुंबईत चिकनगुनिया लक्षात ठेवावाच लागतो. तापाने सुरुवात, अचानक एकाच वेळी अनेक सांधे, अंगावर पुरळ, आणि मग काही महिने रेंगाळणारं दुखणं, तेही आमवातासारखंच मनगटांत आणि बोटांत. ताप कधी आला होता ती तारीख डॉक्टरांना आधी सांगा.

रक्त तपासताना

अँटी-सीसीपी आणि आरए फॅक्टर दोन्ही एकदम करा, बरोबर दाह मोजणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी. आरए फॅक्टर एकटा पॉझिटिव्ह आला म्हणून आमवात ठरत नाही : क्षयरोग, हेपटायटिस सी, म्हातारपण यांतही तो वाढतो, आणि क्षयरोग मुंबईत काही दुर्मीळ नाही. अँटी-सीसीपी जास्त नेमकी. तिची विशिष्टता सुमारे ९५ टक्के, म्हणजे आमवात नसलेल्या शंभरातल्या ९५ जणांत ती निगेटिव्हच येते. पण आमवाताच्या दर तीन रुग्णांतल्या साधारण एकात ती निगेटिव्हच असते. आकडा वाचताना लॅबची मर्यादा बघा : मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर ‘जोरदार पॉझिटिव्ह’, आमवात ठरवायच्या २०१० च्या अमेरिकी-युरोपीय निकषांत त्याला ३ गुण, कमी पॉझिटिव्हला २. या निकषांत दहापैकी सहा गुण झाले की आमवात धरतात, पण निदान एका तरी सांध्याला डॉक्टरांना दिसणारी सूज असली पाहिजे.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. काही यंत्रांत बायोटिनमुळे आकडा खोटा येतो. डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा.

काहीही दुखत नसताना, केवळ आईला आहे म्हणून दरवर्षी अँटी-सीसीपी करण्यात अर्थ नाही. प्रतिपिंडं आजाराच्या काही वर्षं आधी रक्तात येऊ शकतात हे खरं, पण नुसती प्रतिपिंडं असलेल्यांना औषध द्यायची रीत अजून बसलेली नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आणि सांधे दुखणाऱ्या लोकांना अॅबॅटासेप्ट हे प्रतिकारशक्ती शमवणारं औषध दिल्यावर आमवात मागे ढकलला गेला, औषध थांबल्यावर मात्र तो फायदा ओसरत गेला.

दाखवायचं ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञाला. परळच्या केईएमसारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जाताना वंशावळ, फोटो, जुने रिपोर्ट एकाच फाइलमध्ये न्या. नंबर लागल्यावर बोलायला मिनिटं थोडीच मिळतात. आणि तोवर शेजारच्या दवाखान्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा ‘वाताची पुडी’ घेऊ नका. सूज उतरते, आकडे गोड दिसतात आणि आजाराचं निदान दोन महिने लांबतं.

जनुकांच्या जोडीला काय टाळता येतं

सिगरेट-विडी पहिली. स्वीडनमधल्या २००६ च्या अभ्यासात शेअर्ड एपिटोपच्या दोन प्रती असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताचा धोका, यातलं काहीच नसलेल्यांच्या २१ पट निघाला. जनुक आणि धूर एकत्र आले की बेरीज होत नाही, आकडा उसळतो. सोडल्यावर धोका उतरतो तो हळूहळू, वर्षानुवर्षं. तिथेच तोंडात ठेवायच्या तंबाखूने धोका वाढलेला दिसला नाही. त्यावरून मिश्री निर्दोष ठरत नाही, कारण ती हिरड्या खाते. हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस हा जीवाणू स्वतःच सिट्रुलिन तयार करतो. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा; हजारोंच्या जनुक-पॅकेजपेक्षा तो खर्च कामी येतो.

दगड कापणं, ग्रॅनाइट घासणं, बांधकामावर सिमेंट-काँक्रीट फोडणं यातली सिलिकाची धूळही धोका वाढवते. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एन९५ मास्क लागतो, आणि कापताना पाणी मारायला हवं.

मुलांची जनुकं आत्ताच तपासून घ्यावीत का, असं आईवडील विचारतात. अठराच्या आत नको. निकालाने त्यांच्या उपचारात काहीच बदलत नाही, आणि निर्णय त्यांचा त्यांनी मोठेपणी घ्यावा. लहान मुलाचा सांधा खरोखर सुजला तर तो वेगळा आजार असतो, त्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे थेट जायचं. विम्याच्या बाबतीत, २०१८ मध्ये आयआरडीएआय या विमा नियामकाने कंपन्यांना आरोग्य विम्यात ‘जनुकीय विकार’ या नावाखाली सरसकट दावे नाकारू नका असं बजावलं. तरी प्रस्तावाच्या फॉर्मवर काय विचारलंय ते नीट वाचून तेवढ्याचंच खरं उत्तर लिहा. धोक्याचा रिपोर्ट म्हणजे झालेला आजार नव्हे, ‘आधीपासूनचे आजार’ या रकान्यात तो भरू नका.